राजधानीबाहेरची कार्यालये : पाटी कुठे, सही कुठे?

१४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचे महत्त्व आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो हा दिवस. परंतु त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी, याच नागपुरात आणखी एक घटना घडली. आपल्या तरुण मंडळींना ती फारशी ठाऊक नसते. त्या दिवशी नागपूर राजधानी राहिले नाही.

आमच्या बुद्धविहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, मंत्रालय मुंबईत, समाजकल्याण आयुक्त पुण्यात, आदिवासी विकास आयुक्त नाशकात आणि अधिवेशन नागपुरात, असे का? आणि आमचे काम नेमके कुठे होते?" प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नव्हते. सरकारी कार्यालये राजधानीतून इतर शहरांत नेली म्हणजे लोकांचे भले होते, असे आपण समजतो. ते खरे आहे काय, केव्हा खरे आहे आणि केव्हा नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राजधानी जाते तेव्हा काय जाते?

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार या प्रांताला जोडला गेला. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले. सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय आणि त्यांच्याभोवती असणारी खातेप्रमुखांची कार्यालये अशी एका राज्याची संपूर्ण यंत्रणा सिव्हिल लाइन्सच्या परिसरात उभी राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि हिंदी भाषक जिल्हे नव्या मध्य प्रदेशात गेले. नोकरवर्गाचीही वाटणी झाली. कोणी मुंबईला गेला, कोणी भोपाळला. या कायद्याच्या ११५ व्या कलमाने कर्मचाऱ्यांना एक संरक्षण दिले होते. वाटणीनंतर केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नव्हत्या. पगार, ज्येष्ठता, सेवानिवृत्तिवेतन यांची काळजी कायद्याने घेतली. पण मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, सिताबर्डीची ओळखीची दुकाने यांची काळजी कोणताही कायदा घेऊ शकत नाही.

शहराचे काय झाले? राजधानीच्या गावात फक्त मोठे साहेब नसतात. शिपाई, लिपिक, टंकलेखक, वाहनचालक, सफाई कामगार अशा हजारो जागा असतात. ज्या समाजातील पहिली पिढी नुकतीच मॅट्रिक होऊ लागली होती, त्या समाजाच्या मुलाला अशी जागा म्हणजे पक्के घर आणि पुढच्या पिढीचे शिक्षण. कार्यालय जाते तेव्हा या जागाही त्याच्याबरोबर जातात. म्हणून कार्यालय कुठे असावे हा प्रश्न केवळ इमारतीचा नाही. तो भाकरीचाही आहे.

मध्य प्रदेशाने केलेली वाटणी

नव्या मध्य प्रदेशासमोरही हीच अडचण होती. तेथे जुन्या मध्य प्रांताचे जिल्हे, ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ असे वेगवेगळे प्रदेश एकत्र आले होते. ग्वाल्हेर आणि इंदूर या संस्थानांच्या जुन्या राजधान्या. राजधानी मिळाली भोपाळला. मग इतरांचे समाधान कसे करावयाचे?

तेथे कार्यालयांची वाटणी झाली. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आणि त्याची खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेरला. महसूल मंडळ ग्वाल्हेरला. लोकसेवा आयोग इंदूरला. विद्युत मंडळ जबलपूरला. महालेखापालांचे कार्यालय ग्वाल्हेरला. म्हणजे कोणत्याही एका शहराला सर्व काही मिळाले नाही, पण बहुतेक मोठ्या शहरांना काही ना काही कायमचे मिळाले.

या वाटणीत गैरसोयही आहे. भोपाळच्या सचिवाला ग्वाल्हेरच्या अधिकाऱ्याशी बोलायचे तर एके काळी पत्र किंवा ट्रंककॉल हाच मार्ग होता. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्वाल्हेरचे महसूल मंडळ वर्षातून पंधरा दिवस बसत नाही, ते तेथलेच आहे. निकाल तेथेच लिहिला जातो आणि सही तेथेच होते.

नागपूर कराराची दोन फळे

आता आपल्याकडे वळू. २८ सप्टेंबर १९५३ रोजी महाराष्ट्रातील आणि विदर्भातील नेत्यांमध्ये नागपूर करार झाला. मराठी भाषकांचे एक राज्य झाल्यास विदर्भावर अन्याय होऊ नये, हा त्याचा हेतू. नागपूरच्या बाबतीत त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ नागपूरला राहावे, ही एक. सरकारने दरवर्षी ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला स्थलांतर करावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे घ्यावे, ही दुसरी.

या दोन फळांची तुलना आमच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावी. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ वर्षभर चालते. न्यायमूर्ती येथे बसतात, येथेच सुनावणी होते, येथेच निकाल होतो. गडचिरोलीच्या माणसाला आपल्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. या खंडपीठाच्या भोवती वकिलांची एक पिढी तयार झाली आणि त्यात आपल्या समाजातील वकीलही घडले. अमरावतीचे भूषण गवई यांची वकिली प्रामुख्याने याच खंडपीठात झाली आणि २०२५ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. कार्यालय दाराशी असले म्हणजे काय होते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण आम्हास दुसरे दिसत नाही.

दुसरे फळ म्हणजे हिवाळी अधिवेशन. करारात सरकारचे स्थलांतर आणि अधिवेशन अशा दोन गोष्टी होत्या. प्रत्यक्षात लक्षात राहिले ते अधिवेशन. दरवर्षी थंडी सुरू झाली की रविभवन, नागभवन, आमदार निवास आणि १६० गाळे येथे रंगरंगोटी होते. रामगिरी हे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आणि हैदराबाद हाऊस हे त्यांचे सचिवालय सज्ज होते. मुंबईहून फायलींचे गठ्ठे, संगणक आणि कर्मचारी येतात. दोन आठवडे, कधी त्याहूनही कमी दिवस कामकाज होते आणि गठ्ठे परत बांधले जातात. २०२० आणि २०२१ साली तर हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. २०२२ पासून ते पुन्हा नागपुरात होऊ लागले.

अधिवेशन निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. मंत्र्यांना विदर्भाची जमीन पायाखाली येते, वृत्तपत्रांत येथले प्रश्न येतात, हेही थोडके नाही. पण फाईल जर मुंबईहून येऊन सही न होताच मुंबईला परत जात असेल, तर तिचा प्रवास झाला, काम झाले नाही.

११४ जीव

सरकार थोडे दिवस येते तेव्हा काय होते, याचा एक दुःखद धडा आहे. वर्षभर ज्यांचे कोणी ऐकत नाही ते सर्व लोक त्याच दोन आठवड्यांत नागपूरला येतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतमजूर, धरणग्रस्त, आदिवासी. मोर्चामागून मोर्चा निघतो आणि पोलिसांच्या कठड्यापाशी थांबतो.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी बांधवांचा मोर्चा असाच आला होता. आपल्या जमातीला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढीच त्यांची मागणी होती. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी होती. आज तेथे त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. त्यांच्या मागणीचा वाद पुढे न्यायालयात गेला. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

या घटनेची कारणे अनेक असतील आणि दोष कोणाचा याची चर्चा वेगळी. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या माणसाचे गाऱ्हाणे वर्षाच्या कोणत्याही दिवशी, जवळच्या गावी, ऐकणारा अधिकारी भेटला असता, त्याला बायकापोरांसह त्या गर्दीत उभे राहावे लागले नसते. राजधानी दूर असण्याची किंमत गरीब माणूस अशी मोजतो.

मंत्रालय आणि आयुक्तालय

महाराष्ट्रात राजधानीबाहेर अनेक राज्यस्तरीय कार्यालये आहेत. विद्यार्थ्यांनी ही रचना समजून घ्यावी. ढोबळ मानाने मंत्रालयात धोरण ठरते, शासन निर्णय निघतो आणि पैसा मंजूर होतो. त्या निर्णयाची अंमलबजावणी आयुक्त किंवा संचालक करतात. अशी कार्यालये मुंबईतच असावीत असे नाही. समाजकल्याण, कृषी, सहकार, साखर, शिक्षण या खात्यांचे आयुक्त पुण्याला बसतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. वनखात्याचे मुख्यालय नागपूरला आहे, कारण जंगल विदर्भात अधिक. केंद्र सरकारच्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही नागपूरलाच आहे, कारण खाणी मध्य भारतात.

पुण्याला मिळालेला वाटा मोठा आहे, हे या यादीवरून लक्षात येईल. मुंबईतून कार्यालय बाहेर काढले म्हणजे ते मागासलेल्या भागात गेले असे होत नाही. भंडाऱ्याच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला मुंबई काय आणि पुणे काय, दोन्ही सारखीच दूर.

याउलट शिक्षण मंडळाचे उदाहरण पाहा. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे राज्य मंडळ पुण्याला, पण त्याची नऊ विभागीय मंडळे नागपूर, अमरावती, लातूर, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी आहेत. गुणपत्रिकेत नाव चुकले तर विद्यार्थ्याला पुण्याला जावे लागत नाही. दुरुस्ती विभागीय मंडळातच होते, कारण ती करण्याचा अधिकार तेथे दिलेला आहे.

पाटी लागली, पण सही?

आम्ही बँकेत काम करतो म्हणून एक उदाहरण तेथलेच देतो. गावात बँकेची शाखा उघडते. पाटी लागते, तिजोरी येते, उद्घाटन होते. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला वाटते, आता काम झाले. पण शाखाधिकाऱ्याला ठराविक रकमेपर्यंतच मंजुरीचा अधिकार असतो. त्यावरची फाईल क्षेत्रीय कार्यालयात जाते, तेथून आणखी वर जाते. शेतकरी विचारतो, "साहेब, बँक तर इथंच आहे ना?" बँक तेथेच असते, पण त्याच्या कर्जाची सही दुसऱ्या गावी असते.

सरकारी कार्यालयांचे असेच आहे. जात पडताळणीचा विषय आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राने २००० साली त्यासाठी कायदा केला. आरंभी विभागाच्या ठिकाणी जावे लागे. आता अनुसूचित जातींसाठी जिल्हा पातळीवर समित्या आहेत. ही मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु समितीचा अध्यक्ष नेमलेला नसेल, किंवा एकाच अध्यक्षाकडे दोन-तीन जिल्ह्यांचा कारभार असेल, तर पाटी जिल्ह्यात आणि सही प्रवासात, अशी अवस्था होते.

आमच्या वस्तीतील एका मुलीचे वडील रोजमजुरी करतात. तिच्या प्रमाणपत्रासाठी ते एका कार्यालयात तीनदा गेले. तिन्ही वेळा शिपायाने सांगितले, "साहेब मीटिंगले गेले, सोमवारी या." तीन खेपांत तीन दिवसांची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे गेले आणि प्रवेशाची मुदतही संपली. मुलगी हुशार. तिने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. पण तिचे गेलेले वर्ष कोणत्या तक्त्यात लिहिले जात नाही.

आता अर्ज संगणकावर भरता येतात, मग कार्यालय कुठेही असले तरी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. अर्ज संगणकावर जातो हे खरे. पण त्यात त्रुटी निघाली, मूळ कागद दाखवायचा झाला, आजोबांच्या शाळेचा दाखला जुळत नाही असे झाले की माणसाला माणसापुढेच उभे राहावे लागते. ज्याचे सर्व कागद सरळ आहेत त्याला संगणक पुरतो. ज्याच्या घरात शिक्षणाची पहिली पिढी आहे, त्याला कार्यालय लागते.

कर्मचाऱ्यांची बाजू

आम्ही स्वतः नोकरदार आहोत, म्हणून बदलीचे दुःख जाणतो. कार्यालय हलवण्याचा निर्णय कागदावर एका ओळीत होतो. पण नवरा एका खात्यात आणि बायको दुसऱ्या खात्यात असेल, मुलगा दहावीत असेल, तर ती ओळ घर मोडणारी ठरते. शिवाय वरिष्ठांच्या नजरेसमोर असलेल्याला बढती लवकर मिळते, लांब गेलेला विस्मरणात जातो, अशीही भीती असते. त्यामुळे दूरच्या जिल्ह्यांतील जागा रिकाम्या राहतात आणि गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असे बोलले जाते. ज्या जिल्ह्यात माणसे राहतात त्या जिल्ह्यात काम करणे ही शिक्षा कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय शासनाने २००२ मध्ये केला. घर, शाळा, दवाखाना आणि ठराविक मुदतीनंतर पसंतीच्या ठिकाणी बदली, एवढे दिले तर माणसे जातात आणि मन लावून कामही करतात. शिवाय स्थानिक मुलांची भरती झाली तर त्यांना ते गाव परके वाटत नाही.

बाबासाहेबांचा विचार

राजधानी आणि अंतर या विषयावर बाबासाहेबांनी सखोल विचार केला होता. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील त्यांच्या पुस्तकात भारताला दुसरी राजधानी असावी असे त्यांनी प्रतिपादन केले आणि त्यासाठी हैदराबाद सुचवले. मोगलांच्या काळात दिल्लीबरोबर श्रीनगर होते, इंग्रजांच्या काळात कलकत्त्याबरोबर सिमला होते, हे दाखले त्यांनी दिले. दक्षिणेच्या लोकांना दिल्ली लांब पडते, तेथली थंडी सोसत नाही, आणि आपल्यावर उत्तरेचे राज्य आहे अशी भावना त्यांच्यात वाढते, हे त्यांनी सांगितले. संरक्षणाच्या दृष्टीनेही सीमेपासून दूर असलेले हैदराबाद त्यांना योग्य वाटले. याच पुस्तकात मराठी भाषकांची चार राज्ये करावीत आणि त्यांतील एक विदर्भ असावे, असेही त्यांनी मांडले.

यावर मतभेद असू शकतात. पण त्यांची दृष्टी पाहा. सत्ता कुठे बसते याचा परिणाम नागरिकाच्या मनावर होतो, हे त्यांनी ओळखले होते. दूरच्या माणसाला हे राज्य आपले वाटले पाहिजे, ही त्यांची कळकळ होती.

इतरत्र काय दिसते?

जपानने आपल्या सांस्कृतिक खात्याचे कार्यालय टोकियोहून क्योटोला नेले आणि मार्च २०२३ मध्ये तेथे काम सुरू झाले. जुनी बौद्ध विहारे आणि शिल्पे ज्या भागात अधिक आहेत, तेथेच त्यांचे रक्षण करणारे खाते असावे, हा विचार. खातेप्रमुख क्योटोला बसतात, काही विभाग मात्र टोकियोतच राहिले.

आपल्याकडचे ताजे उदाहरण कोल्हापूरचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे सुरू झाले. त्यासाठी तेथील वकील आणि नागरिकांनी अनेक वर्षे आंदोलन केले होते. त्याआधी १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, असेच पीठ सुरू झाले आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. चिकाटीने मागितले तर मिळते, हा यातील बोध.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आपल्या गावात नवे कार्यालय आले तर हारतुऱ्यांबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. येथे सही करण्याचा अधिकार कोणाला? मंजूर जागांपैकी किती भरल्या? आणि अधिकारी कोणत्या वारी येथे हमखास भेटेल? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. त्याचा उपयोग भांडणासाठी करण्यापेक्षा अशा प्रश्नांसाठी करावा.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठराविक दिवसांत देणे पदनिर्देशित अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. न मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि नंतर आयोग अशी व्यवस्था आहे. त्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत कार्यालयातील फलकावर पाहून विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावी आणि आपल्या आईवडिलांना समजावून सांगावी.

तिसरी गोष्ट, आपल्यापैकी जे स्पर्धा परीक्षा देऊन शासनात जातील त्यांच्यासाठी आहे. उद्या तुमची बदली दूरच्या जिल्ह्यात होईल. तेव्हा ती शिक्षा समजू नका. ज्या खुर्चीची वाट पाहत एक बाप तीनदा परत गेला, त्या खुर्चीवर तुम्ही बसाल. सोमवारी या, असे सांगण्याची पाळी तुमच्या शिपायावर येऊ देऊ नका.

तथागतांनी आपल्या भिक्खूंना एका जागी बसवून ठेवले नाही, बहुजनांच्या हितासाठी गावोगाव जाण्यास सांगितले. शासनाचेही तसेच असावे. नागपूरने १९५६ साली राजधानी गमावली, पण त्याच महिन्यांत कोट्यवधींना नवे जीवन देणारे स्थान म्हणून ते जगात ओळखले जाऊ लागले. राजधानीचा मान परत मिळो वा न मिळो, आपल्या माणसाचा कागद आपल्या गावात, आपल्या डोळ्यांसमोर, वेळेवर सही होऊन हाती पडावा, एवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तो मागत राहू या.

जयभीम!